संदर्भांकाची घडण : खिळ्यांच्या जुळणीपासून टेक् प्रणालीपर्यंत

विद्वत्तेच्या व्यवहारात ज्या गोष्टींकडे सर्वांत कमी लक्ष जाते, त्यांत संदर्भांकाची गणना करावी लागेल. विधानाच्या शेवटी चौकटी कंसात उभा असलेला, किंवा ओळीच्या किंचित वर लटकलेला लहानसा अंक वाचक पाहतो आणि पुढे जातो. परंतु त्या अंकाच्या आधारावरच लेखकाचे विधान पुराव्याशी बांधलेले असते. अंक चुकला, तर पुरावा नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच ग्रंथाच्या नावावर जमा होतो. ही चूक वाक्यरचनेत दिसत नाही, अर्थात खटकत नाही आणि मुद्रितशोधकाच्या नजरेसही सहसा पडत नाही. अशा या निराधार चिन्हाला विश्वासार्हता कशी आणि कोणत्या टप्प्यांनी प्राप्त झाली, आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत संगणकीय अक्षरजुळणीने त्यात कोणता मूलभूत फरक घडवून आणला, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

१. अंकाने स्थळ दाखविण्याची परंपरा

अंकाने ग्रंथातील स्थळ दाखविण्याची पद्धत मुद्रणाहून पुष्कळ जुनी आहे. ऋग्वेदाची मंडल-सूक्त-ऋचा ही विभागणी, पाणिनीच्या अष्टाध्यायीची अध्याय-पाद-सूत्र ही रचना, ज्ञानेश्वरीतील अध्यायवार ओव्यांची मोजणी ही सर्व याच जातीची उदाहरणे होत. पश्चिमेकडे रोबेर एत्येन या मुद्रकाने १५५१ मध्ये ग्रीक नव्या करारातील वचनांना अंक दिले. त्याचा पुत्र आंरी एत्येन याने १५७८ मध्ये प्लेटोचे ग्रंथ छापले, आणि त्या आवृत्तीतील पृष्ठांक आजही प्लेटोच्या अभ्यासकांना प्रमाण आहेत. ॲरिस्टॉटलच्या बाबतीत तेच स्थान १८३१ च्या बेकरच्या आवृत्तीला मिळाले.

या सर्व पद्धतींत एक समान गुण आहे. त्यांतील अंक मूळ ग्रंथाचा असतो. उल्लेख करणाऱ्या लेखकाचा नसतो. अष्टाध्यायीतील १.१.७१ हे स्थळ पुण्यात, काशीत किंवा बर्लिनमध्ये एकच असते. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या बावीस खंडांतील लेखांकही असेच स्थिर आहेत. खंड आणि लेखांक सांगितला की जाणकारास पत्र सापडते.

आधुनिक शोधनिबंधातील संदर्भांक मात्र वेगळ्या स्वभावाचा आहे. कंसातील ७ या अंकाला त्या निबंधाबाहेर काहीही अर्थ नाही. तोच ग्रंथ एका निबंधात ७ असतो, दुसऱ्यात २३ असतो. पहिल्या प्रकारचा अंक हा पत्ता आहे, तर दुसऱ्या प्रकारचा अंक ही केवळ त्या निबंधापुरती खूण आहे. या खुणेचा इतिहास म्हणूनच ग्रंथविभागणीच्या इतिहासाहून निराळा मांडावा लागतो.

२. खुणेचा मुद्रणातील संसार

टिपांच्या खुणा मुद्रित ग्रंथांत आल्या त्या प्रारंभी अक्षरे, तारका आणि खंजीर अशा चिन्हांच्या रूपाने. टिपांची संख्या वाढली तशी चिन्हे अपुरी पडली आणि अंकांचा उपयोग रूढ झाला. टीप कोठे असावी हा प्रश्नही निव्वळ सजावटीचा नव्हता. गिबनच्या रोमविषयक इतिहासाचा पहिला खंड १७७६ मध्ये निघाला, तेव्हा टिपा ग्रंथाच्या अखेरीस होत्या. प्रत्येक टिपेसाठी पाने उलटावी लागतात अशी तक्रार डेव्हिड ह्यूम याने प्रकाशकाकडे केली, आणि पुढे त्या टिपा पानाच्या तळाशी आल्या. अंक आणि त्याचा अर्थ यांतील अंतर वाचकाला पार करावे लागते. ते अंतर जितके अधिक, तितकी पडताळणी कमी, हे ह्यूमच्या तक्रारीचे सार आहे.

एकोणिसाव्या शतकात शोधनिबंधांची संख्या वाढली आणि संदर्भ देण्याच्या दोन प्रमुख रीती स्थिरावू लागल्या. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ मध्ये एका बिनशंखी गोगलगाईच्या अंड्यांच्या वाढीविषयी प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्यात ग्रंथकाराचे नाव आणि वर्ष कंसात देण्याची रीत आढळते, आणि नाम-वर्ष पद्धतीचा उगम सामान्यतः तेथे मानला जातो. दुसरी रीत अंकपद्धतीची. वैद्यकाच्या क्षेत्रात तिला निश्चित स्वरूप आले ते १९७८ मध्ये. त्या वर्षी जानेवारीत कॅनडातील व्हँकूव्हर येथे काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक एकत्र आले, आणि त्यांनी ठरविलेल्या सामायिक अटी १९७९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. निबंधात ज्या क्रमाने ग्रंथांचा प्रथम उल्लेख येतो त्या क्रमाने त्यांना अंक द्यावेत, आणि पुन्हा उल्लेख आल्यास तोच अंक वापरावा, हा त्यातील नियम पुढे व्हँकूव्हर पद्धत म्हणून जगभर ओळखला जाऊ लागला.

अंकपद्धतीचे लाभ उघड आहेत. ती जागा वाचविते आणि वाक्याचा ओघ मोडत नाही. एका विधानास सहा आधार द्यावयाचे झाले तरी अर्धी ओळ पुरते. तिचा दोष मात्र खिळ्यांच्या छापखान्यात विशेष जाचक होता. शंभर संदर्भांचा निबंध जुळवून झाल्यावर लेखकाने बाराव्या स्थानी एक नवा संदर्भ घातला, तर तेराव्यापासून पुढचे सर्व अंक बदलावे लागत. लायनोटाइपवर अखंड ओळ ओतली जात असल्यामुळे एक अंक बदलण्यासाठी ती ओळ पुन्हा ओतावी लागे. नऊचे दहा झाले की ओळीची लांबी बदले, आणि कधी सारा परिच्छेद नव्याने जुळवावा लागे. म्हणून १२ आणि १३ यांच्यामध्ये ‘१२ अ’ घालण्याची युक्ती रूढ झाली. ही युक्ती कुरूप असली तरी प्रामाणिक होती. एखादा अंक बदलावयाचा राहून जाण्यापेक्षा ती बरी.

३. शब्दाकडून अंकाकडे

एकटा अंक लिहिला तर तो चुकतो, हा अनुभव भारतीय ग्रंथपरंपरेला फार पूर्वी आला होता. नकलकाराच्या हातून ३ चा २ झाला किंवा १ चा ९ झाला, तर ती चूक पकडण्याचे कोणतेही साधन अंकात नसते. ज्योतिषाच्या ग्रंथांनी यासाठी भूतसंख्यांचा आश्रय घेतला. चारासाठी वेद, सहासाठी रस, आठासाठी वसु असे शब्द योजले, आणि ते छंदात बसविले. शब्द बिघडला तर अर्थ किंवा वृत्त बिघडते, आणि वाचक सावध होतो. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ हा काल अंकांनी नव्हे तर शब्दांनी सांगितला आहे, ही गोष्टही याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. भाषेतील शब्द स्वतःची राखण काही प्रमाणात स्वतः करतो. अंक ती करू शकत नाही.

संगणकीय अक्षरजुळणीने संदर्भांकाबाबत जे केले त्याचे मर्म या तुलनेने स्पष्ट होते. लेखकाने अंक लिहूच नये, शब्द लिहावा; अंक घालण्याचे काम यंत्राने करावे, हे ते मर्म होय.

या घटनाक्रमाचा आरंभ १९७७ मध्ये झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डोनाल्ड कनूथ यांच्या संगणनशास्त्रावरील ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघावयाची होती. खिळ्यांच्या जुळणीऐवजी प्रकाशजुळणीने तयार झालेली मुद्रिते पाहून त्यांची निराशा झाली, आणि त्यांनी स्वतःच टेक् ही अक्षरजुळणीची प्रणाली रचावयास घेतली. एका वर्षाचे वाटलेले काम सुमारे दशकभर चालले. १९८२ च्या सुमारास प्रणाली मुळापासून पुन्हा लिहिली गेली, आणि १९८६ मध्ये तिचे साद्यंत वर्णन पाच खंडांत प्रसिद्ध झाले. पुढे कनूथ यांनी तिच्यात नवी भर न घालता केवळ दोषदुरुस्ती करण्याचे ठरविले. तिच्या आवृत्तीचा अंक दर दुरुस्तीगणिक वर्तुळाच्या परिघ-व्यास गुणोत्तराच्या जवळ जातो. २०२१ मधील आवृत्ती ३.१४१५९२६५३ ही आहे.

टेक् प्रणाली ओळ आणि पान यांचा विचार करते. ग्रंथ, प्रकरण, संदर्भ यांचा नाही. ही उणीव लेस्ली लॅम्पोर्ट यांनी टेक्‌वर उभारलेल्या लाटेक् या रचनेने भरून काढली. तिचे मार्गदर्शक पुस्तक १९८६ मध्ये निघाले. संदर्भसूचीसाठी ओरेन पाताश्निक यांनी १९८५ मध्ये बिबटेक् हा सहायक कार्यक्रम लिहिला. त्याच्या नोंदींची मांडणी ब्रायन रीड यांच्या स्क्राइब या पूर्वीच्या प्रणालीवरून घेतलेली होती. त्याही आधी, १९७८ मध्ये, बेल प्रयोगशाळेतील माइक लेस्क यांनी रेफर हा याच प्रकारचा कार्यक्रम सिद्ध केला होता. त्यामुळे कल्पना सर्वस्वी नवी होती असे नाही; पण तिचा शास्त्रीय लेखनात सर्वदूर प्रसार झाला तो लाटेक् आणि बिबटेक् यांच्या जोडीने.

४. अंक कसा सिद्ध होतो

या जोडीची कार्यरीत पाहण्याजोगी आहे. लेखक प्रत्येक ग्रंथास एक संकेतनाम देतो आणि लेखनात त्या नामाचाच उल्लेख करतो. प्रणालीच्या पहिल्या फेरीत ही नामे एका सहायक नोंदवहीत उतरविली जातात. मग बिबटेक् ती वाचते, ग्रंथांच्या संग्रहातून नेमक्या तेवढ्या नोंदी उचलते, निवडलेल्या शैलीप्रमाणे त्यांचा क्रम लावते आणि सूची लिहून ठेवते. दुसऱ्या फेरीत सूची जुळविली जाते आणि प्रत्येक नामास मिळालेला अंक नोंदवहीत चढतो. तिसऱ्या फेरीत तो अंक विधानाजवळ आपल्या जागी येऊन बसतो. ज्या नामाचा ग्रंथ सापडत नाही, तेथे ठळक प्रश्नचिन्ह छापले जाते.

हे प्रश्नचिन्ह लहान असले तरी त्याचे महत्त्व मोठे आहे. खिळ्यांच्या युगात चुकलेला अंक बरोबर अंकासारखाच दिसे. येथे तुटलेला दुवा स्वतः ओरडून सांगतो. भूतसंख्येत जे काम वृत्त करीत असे, ते येथे नामाची जुळणी करते.

अंकाचा क्रम कोणता, हे शैलीवर अवलंबून असते. बिबटेक्‌च्या मूळ चार शैलींपैकी साध्या शैलीत सूची ग्रंथकारांच्या वर्णक्रमाने लागते, आणि त्या क्रमाने अंक पडतात. संक्षिप्त शैलीचा क्रमही तोच असतो, फक्त नावे आखूड होतात. तिसरी शैली उल्लेखाच्या क्रमाने अंक देते. तीच व्हँकूव्हर संकेताशी जुळणारी होय. चौथी शैली अंकाऐवजी नावाची आद्याक्षरे आणि वर्षाचे दोन अंक यांची खूण करते. लेखनातील एकही शब्द न बदलता केवळ शैलीचे नाव बदलले की सारा निबंध एका रीतीतून दुसरीत जातो. शंभर संदर्भांच्या ज्या निबंधात एक नवा ग्रंथ घालणे हे संकट होते, तेथे आता संपूर्ण पद्धतच पालटणे हे काही क्षणांचे काम झाले.

५. संक्षेप आणि प्रत्याहार

तरीही मूळ लाटेक्‌मध्ये एक उणीव राहिली होती. एका जागी अनेक ग्रंथांचा उल्लेख झाला, तर अंक लेखकाने नामे ज्या क्रमाने लिहिली त्याच क्रमाने छापले जात. उदाहरणार्थ, ९, २, ७, ८. ही पंक्ती वाचकास विस्कळीत वाटते. डोनाल्ड आर्सेनो यांच्या साइट या पूरक संचाने असे अंक चढत्या क्रमाने लावण्याची, आणि सलग तीन किंवा अधिक अंक आल्यास त्यांचा संक्षेप करण्याची सोय केली. वरील पंक्ती मग २, ७–९ अशी होते. जर्मनीतील लिंडाऊ येथील माक्स प्लांक संस्थेत काम करणारे पॅट्रिक डेली यांनी १९९३ च्या सुमारास नॅटबिब हा संच रचला. तो मूलतः नाम-वर्ष पद्धतीसाठी होता, परंतु त्यात अंकपद्धतीचाही विकल्प होता, आणि क्रमवारी व संक्षेप यांची व्यवस्थाही पुढे त्यात आली.

संक्षेपाची ही युक्ती संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकास परकी वाटणार नाही. आद्य वर्ण आणि अंत्य खूण यांच्या साहाय्याने मधले सर्व वर्ण सुचविण्याची पाणिनीची प्रत्याहारपद्धती, जिचे विधान १.१.७१ या सूत्रात आहे, तिची तार्किक घडण हीच आहे. अच् म्हटले की सर्व स्वर आले, हल् म्हटले की सर्व व्यंजने आली. दोन्हीकडे अट एकच : यादीचा क्रम आधी निश्चित असला पाहिजे. चौदा शिवसूत्रांचा क्रम ढळला तर अच् निरर्थक होतो. सूचीचा क्रम लागलेला नसेल तर ७–९ निरर्थक होते.

साम्याइतकाच भेदही उद्बोधक आहे. प्रत्याहारात एकत्र आलेले वर्ण व्याकरणाच्या कार्यासाठी एकत्र आलेले असतात. त्यांचा शेजार सहेतुक असतो. ७–९ मधील तीन ग्रंथ मात्र उल्लेखाच्या किंवा आडनावाच्या योगायोगाने शेजारी येतात. त्यामुळे लेखकाने एखादा ग्रंथ मुख्य आधार म्हणून आधी आणि इतर पूरक म्हणून मागाहून लिहिले असतील, तर क्रमवारी लावताना तो अभिप्राय पुसला जातो. संक्षेपात मधला ८ हा अंक तर डोळ्यांसमोरही राहत नाही. जेथे आधारांचे तारतम्य महत्त्वाचे आहे, तेथे संक्षेपाचा विकल्प बंद ठेवणे हेच अभ्यासकास उचित होय. शिवसूत्रांत ण् ही खूण दोनदा आल्यामुळे अण् या प्रत्याहाराची मर्यादा ठरविण्यास टीकाकारांना परिश्रम पडले. लाघवाची किंमत कोठे तरी चुकवावी लागते, हे त्यावरूनही दिसते.

६. मराठी लेखनातील प्रश्न

मराठीत या प्रणालीचा वापर करताना काही प्रश्न नव्याने उपस्थित होतात, आणि ते केवळ लिपीचे नाहीत. पहिला प्रश्न रूपविचाराचा आहे. नॅटबिबमध्ये उल्लेखाच्या दोन आज्ञा आहेत. एकीत संपूर्ण संदर्भ कंसात जातो. दुसरीत ग्रंथकाराचे नाव वाक्याचा घटक म्हणून बाहेर राहते. इंग्रजीत नावाचे रूप वाक्यात बदलत नाही, म्हणून यंत्राने नाव घातले तरी वाक्य बिघडत नाही. मराठीत विभक्तीपूर्वी नामाचे सामान्यरूप होते. राजवाडे हे नाव तृतीयेत ‘राजवाड्यांनी’ होते, आणि संग्रहातून उचललेल्या ‘राजवाडे’ या शब्दास यंत्र प्रत्यय लावू शकत नाही. या अडचणीतून मराठीची एक जुनी आदरार्थी लकब मार्ग काढून देते. ‘राजवाडे यांनी’ अशी रचना केली की विभक्तीचा भार सर्वनामावर पडतो आणि नाव अविकृत राहते. अंकपद्धतीत हा प्रश्न उद्भवतच नाही. परंतु ‘[५] मध्ये म्हटल्याप्रमाणे’ अशी रचना करून अंकालाच नाम बनविण्याचा मोह टाळला पाहिजे. कंसातील अंक ही खूण आहे. ती काढून टाकली तरी वाक्य पूर्ण राहिले पाहिजे.

दुसरा प्रश्न वर्णक्रमाचा. मराठी वर्णमालेत ळ हा वर्ण ह नंतर येतो. युनिकोड संकेतात मात्र तो ल च्या पाठोपाठ, व च्या आधी आहे. केवळ संकेतमूल्यांवरून क्रम लावला तर ‘काळे’ हे नाव ‘काशीकर’ या नावाच्या आधी येईल; मराठी वर्णक्रमाने ते नंतर यावयास हवे. वर्णक्रमाने अंक देणाऱ्या शैलीत याचा परिणाम अंकांवरही होतो. बिबटेक्‌ची घडण युनिकोडपूर्व काळातील असल्यामुळे देवनागरी नावांचा यथायोग्य क्रम तिच्याकडून अपेक्षिता येत नाही. फिलिप लेहमन यांनी २००६ पासून विकसित केलेला बिबलाटेक् हा संच आणि त्याचा जोडीदार बायबर हा कार्यक्रम यांनी भाषानिहाय वर्णक्रम लावण्याची सोय करून ही वाट मोकळी केली आहे.

तिसरा प्रश्न अंकांच्या आकृतीचा. फ्रान्स व्हेल्थाइस यांनी १९९१ मध्ये नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे टेक्‌साठी देवनागरी अक्षरे सिद्ध केली. जोनाथन क्यू यांच्या झीटेक्‌ने २००४ पासून युनिकोड देवनागरी थेट लिहिण्याची सोय केली. परंतु टेक्‌च्या व्याकरणात संख्या म्हणून मान्यता आहे ती आंतरराष्ट्रीय आकृतीच्या अंकांनाच. १, २, ३ या देवनागरी आकृती त्या यंत्राच्या लेखी संख्या नव्हेत, अक्षरे आहेत; त्यांचे लहानमोठेपण त्यास कळत नाही. म्हणून क्रमवारी आणि संक्षेप ही कार्ये आंतरराष्ट्रीय अंकांवर होऊ द्यावीत, आणि आकृतीचे रूपांतर अगदी शेवटी, अक्षरसंचाच्या पातळीवर करावे, हा मार्ग श्रेयस्कर ठरतो. संख्या आणि तिची आकृती या दोन भिन्न वस्तू आहेत, हे भाषाशास्त्राचे प्राथमिक तत्त्व येथे व्यवहारात उतरते.

यास जोडून एक लिपीविषयक सूचना करावीशी वाटते. ओळीवर चढविलेला अंक देवनागरीत वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार यांच्या शेजारात येतो, आणि लहान टंकात त्यांच्याशी गोंधळतो. गणिती लेखनात तर तो घातांक समजला जाण्याचा धोका असतो. मराठी निबंधांसाठी ओळीतील चौकटी कंस हाच अधिक सुवाच्य होय.

७. समारोप

अंक लिहिण्याचा भार यंत्राने उचलला असला, तरी जबाबदारी उचललेली नाही. नाम आणि अंक यांची सांगड चुकत नाही याची हमी प्रणाली देते. त्या नामाचा ग्रंथ ते विधान खरोखर करतो की नाही, याची हमी ती देऊ शकत नाही. किंबहुना जुळारी आणि मुद्रितशोधक यांच्या निमित्ताने पूर्वी प्रत्येक संदर्भ पुन्हा एकदा डोळ्यांखालून जात असे, तो प्रसंग आता उरलेला नाही. सुबक आणि क्रमबद्ध अंकांची पंक्ती पाहून वाचकाचा विश्वास मात्र वाढतो. प्रश्नचिन्ह छापले गेले नाही, याचा अर्थ ग्रंथ सापडला एवढाच. तो वाचला गेला असा नव्हे. संदर्भांकाच्या इतिहासातील पुढची सुधारणा म्हणूनच यंत्राच्या अंगणात नसून अभ्यासकाच्या टेबलावर आहे. संकेतनाम लिहिण्यापूर्वी त्याने मूळ पान उघडून पाहिले पाहिजे.